मुरुमांवर औषध, आणि मनावरही

आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये सकाळी एक ठरलेलं दृश्य दिसतं. मुली स्कूटर लावतात, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडतात, घडी करून डिकीत टाकतात आणि केस सारखे करत वर्गाकडे निघतात. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मात्र स्कार्फ तसाच ठेवून वर्गात यायची. डोळे तेवढे दिसायचे. मला आधी वाटलं, धुळीचा त्रास असेल.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिला तो काढावा लागला. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर लालसर, सुजलेली मुरुमं होती, मध्ये मध्ये जुन्या मुरुमांचे काळपट डाग. लेखी परीक्षेत वर्गात पहिल्या पाचात येणारी ही मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत तुटक उत्तरं देत होती. बाहेर जाताना दाराशी थांबून म्हणाली, “मॅडम, पुढच्या वेळी माझी लेखीच घ्याल का?”

नंतर आम्ही निवांत बोललो. मेसला ती गर्दी ओसरल्यावर जायची, कधी जायचीच नाही. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नव्हती. घरून व्हिडिओ कॉल आला की “नेटवर्क नाही” म्हणून कॅमेरा बंद. दोन विषय राहिले होते, पण घरी सांगितलं नव्हतं. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “चेहरा एकदा नीट झाला ना मॅडम, की बाकीचं आपोआप नीट होईल.”

हे वाक्य मी शिकवण्याच्या इतक्या वर्षांत अनेकांच्या तोंडून ऐकलंय. त्यातला ‘आपोआप’ हा शब्द घात करतो. तिच्या परवानगीने मी हा लेख लिहिते आहे. तिच्यासारख्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मला एवढंच पटवायचं आहे की मुरुमं हा खरा आजार आहे, नैराश्य हाही खरा आजार आहे, दोन्हींवर उपचार आहेत आणि ते एकामागून एक नाही, बरोबरीनेच सुरू करायचे असतात.

हा संबंध मनाचा खेळ नाही

12 ते 24 या वयात सुमारे 85 टक्के जणांना कमी-जास्त प्रमाणात मुरुमं येतातच. त्यातल्या बहुतेकांना नैराश्य येत नाही, हे आधी लक्षात घ्या. पण ज्यांना येतं त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या 1986 ते 2012 या काळातल्या लाखो नोंदी कॅनडातल्या संशोधकांनी तपासल्या आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुरुमांचं निदान झाल्यापासूनच्या पहिल्या वर्षात तीव्र नैराश्याचा धोका मुरुमं नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त होता. हा फरक पुढे कमी होत गेला, तरी जवळपास पाच वर्षं टिकून होता.

नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात 18-19 वर्षांच्या पावणेचार हजारांहून अधिक मुला-मुलींची पाहणी झाली, ती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना बरीच मुरुमं होती, त्यांच्यापैकी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण मुलींमध्ये दुप्पट आणि मुलग्यांमध्ये तिप्पट होतं. मुलग्यांचा आकडा परत वाचा. “मुलग्याच्या जातीला काय चेहऱ्याचं एवढं?” असं म्हणणाऱ्या घरांत तो मुलगा हे दुःख कोणाजवळ बोलणार?

आपल्याकडेही हा आजार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत ‘मुखदूषिका’ या नावाने त्याचं वर्णन येतं, काटेसावरीच्या खोडावरच्या काट्यांसारख्या पुळ्या असं. पुढे आपण ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द रुळवला आणि दुखणं वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. वय आहे, येतात, जातील. जातात हे खरं, पण कधीकधी दहा वर्षांनी. आणि ती दहा वर्षं शिक्षणाची, मैत्रीची, पहिल्या नोकरीची असतात.

दोन दुखणी एकमेकांना पोसतात

वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो, आत तेल साठतं, तिथे राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे झालं मुरूम. चेहरा अस्वच्छ ठेवल्यामुळे ते येत नाही, त्यामुळे कुणी “तोंड धुत जा जरा” म्हटलं तर तो सल्ला नुसता बोचरा नाही, चुकीचाही आहे.

ताणाने ही सूज वाढते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 22 विद्यार्थ्यांचे चेहरे आधी परीक्षा नसताना आणि मग परीक्षेच्या दिवसांत तपासले गेले. ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांची मुरुमंही जास्त वाढलेली दिसली. पाहणी छोटी होती, पण सेमिस्टरच्या शेवटी आरशात बघणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

मन खचलं की वेगळंच चक्र सुरू होतं. झोप बिघडते. हात सारखा चेहऱ्याकडे जातो, फोडायचं नाही हे माहीत असूनही मुरूम फोडलं जातं, डाग राहतो. रात्री लावायची ट्यूब टेबलावर तशीच पडून राहते, कारण ‘लावून तरी काय होणार’ असं वाटू लागतं. औषध लावलं नाही म्हणून मुरुमं वाढतात आणि मुरुमं वाढली म्हणून आशा आणखी कमी होते. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत मुरूम बसल्यावरही त्याचा डाग काही महिने रेंगाळतो. आजार आटोक्यात आलेला असतो, पण आरसा ते कबूल करत नाही.

एक गोष्ट घरच्यांना सहसा कळत नाही: किती मुरुमं आहेत यावरून त्रास किती होतोय हे ठरत नाही. चेहराभर मुरुमं असलेला मुलगा मजेत क्रिकेट खेळत असतो आणि हनुवटीवर चार पुळ्या असलेली मुलगी आठवडाभर खोलीबाहेर पडलेली नसते. तिला “एवढंसं तर आहे” म्हणू नका.

स्वतःला हे प्रश्न विचारा

गेल्या दोन आठवड्यांचा विचार करा.

1. बहुतेक दिवस उदास, रिकामं किंवा निराश वाटलं का?
2. एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नाही, असं झालं का?
3. झोप, भूक, अभ्यासातलं लक्ष यांत ठळक फरक पडलाय का? चिडचिड वाढलीय का?
4. चेहऱ्यामुळे कॉलेज, काम, लग्नसमारंभ, मित्रांचे वाढदिवस टाळले का?
5. आरसा किंवा मोबाइलचा पुढचा कॅमेरा यांत दिवसाचे तासन् तास जातात का?
6. आपण नसलेलंच बरं, असं मनात येतं का?

पहिल्या दोनांपैकी एकाचंही उत्तर ‘हो, बहुतेक दिवस’ असेल तर त्वचेबरोबर मनाच्या डॉक्टरांनाही दाखवायची वेळ झाली आहे. सहाव्याचं उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख इथेच थांबवून शेवटचा भाग आधी वाचा.

त्वचेसाठी: तीन महिन्यांचा करार

मुरुमांवरचं कुठलंही औषध आठवड्यात गुण देत नाही. साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात, दुसरी आणतात आणि शेवटी “मला काहीच लागू पडत नाही” या निष्कर्षाला येतात. म्हणून आधी स्वतःशी तीन महिन्यांचा करार करा.

त्वचारोगतज्ज्ञ सौम्य आणि मध्यम मुरुमांसाठी बहुधा बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलिनसारखं रेटिनॉइड किंवा दोन्ही लिहून देतात. ही नावं दुकानात जाऊन मागण्यासाठी सांगत नाही. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते कळावं म्हणून सांगते. रेटिनॉइड रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढंच घ्यायचं. ते फक्त मुरुमावर टिपायचं नसतं, जिथे मुरुमं येतात तो सगळा भाग धरून लावायचं असतं. सुरुवातीला कोरडेपणा, जळजळ होते. डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड लावा, साधं मॉइश्चरायझर वापरा. सकाळी सनस्क्रीन लावा, नाहीतर डाग गडद होतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा उशीला पांढरा अभ्रा घाला. गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर रेटिनॉइड चालत नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

तोंड दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुणं पुरे. घासणी, स्क्रब नको. डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर उतरत असेल तर कमी करा. जिमला जाणाऱ्या काही मुलांची मुरुमं व्हे प्रोटीन सुरू केल्यावर वाढतात. तुमच्या बाबतीत तारखा जुळत असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. फार गोड, मैद्याचं खाणं कमी करून फरक पडतो का, ते बघायला हरकत नाही. पण एक वडा खाल्ला म्हणून स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्या.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका; त्वचा पोळते आणि डाग वाढतात. सर्वांत मोठा धोका स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमचा आहे. शेजारणीने सुचवलेली, औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब चार दिवसांत चेहरा गुळगुळीत करते. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की मुरुमं उसळून येतात. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध सतत आवाज उठवला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत घातली. तरी ती हातोहाती फिरतातच. घरातल्या ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस लावत असाल तर ती कशी थांबवायची हेही त्यांनाच विचारा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात आपण “पिंपल्स आलेत” एवढंच बोलून बाहेर येतो. डॉक्टर समोर दिसणारी त्वचा बघतात. न सांगितलेलं मन त्यांना कसं दिसणार? आदल्या रात्री कागदावर चार ओळी लिहून न्या आणि सरळ वाचून दाखवा. उदाहरणार्थ: “मला दोन वर्षं मुरुमं आहेत. यामुळे मी महिनाभर कॉलेजला गेले नाही. रात्री झोप येत नाही. आतापर्यंत या-या ट्यूब लावल्या.” मुरुमं किती तीव्र आहेत याबरोबर त्यांचा तुमच्या जगण्यावर किती परिणाम होतोय, यावरही उपचार किती जोरकस द्यायचे ते ठरतं. ही माहिती लपवलीत तर उपचार तोकडा पडू शकतो.

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगा. लिथियमसारख्या मनाच्या काही औषधांनी मुरुमं वाढू शकतात. तसं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

खोल, गाठीसारखी, खड्डे पाडणारी मुरुमं असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विषय निघतो. हे औषध 1982 पासून वापरात आहे आणि ‘त्याने डिप्रेशन येतं’ ही भीतीही जवळपास तितकीच जुनी आहे. 2023 मध्ये 24 अभ्यास आणि 16 लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिलं गेलं. एकंदर लोकसंख्येत या औषधाने नैराश्याचा किंवा आत्महत्येचा धोका वाढलेला आढळला नाही. उलट उपचारानंतर दोन ते चार वर्षांनी आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण कमी दिसलं. पण एखाद्याच्या मनःस्थितीत बदल होऊ शकतो, म्हणून सावधगिरीची सूचना आजही कायम आहे. पूर्वी नैराश्य आलं असेल तर सांगा. घरातल्या किंवा खोलीतल्या एका माणसाला सांगून ठेवा, “मी गप्प-गप्प किंवा चिडचिडी वाटले तर मला आणि डॉक्टरांना कळव.” या औषधाने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होतं, म्हणून ते चालू असताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका आणि मैत्रिणीच्या चिठ्ठीवर हे औषध कधीही घेऊ नका.

मनासाठी: चेहऱ्याची वाट न बघता

त्या मुलीला मी एक गोष्ट करायला सांगितली होती. वहीच्या पानावर शीर्षक लिहायचं: ‘चेहरा नीट झाल्यावर’. आणि खाली जे जे लांबणीवर टाकलंय ते लिहायचं. तिची यादी अकरा गोष्टींची झाली. आईला व्हिडिओ कॉल, मैत्रिणीबरोबर तुळशीबागेत जाणं, राहिलेल्या विषयांचा फॉर्म, ग्रुप फोटो, ग्रंथालयात खिडकीजवळ बसणं. त्यातली सगळ्यात सोपी निवडून याच आठवड्यात करायची. तिने खिडकी निवडली. नैराश्यावरच्या समुपदेशनात अशाच तऱ्हेने काम होतं: बरं वाटेल तेव्हा करू, असं म्हणत न थांबता छोटं काहीतरी करायला घ्यायचं आणि त्यातून थोडं बरं वाटू द्यायचं.

आरशाला नियम लावा. हातभर अंतरावरून, सकाळी आणि रात्री, तोंड धुण्यापुरता. प्रगती बघायची तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढा. रोजच्या बघण्यातून प्रगती कळत नाही. नखं कापलेली ठेवा. फोडायची उबळ बहुधा अभ्यास करताना किंवा झोपण्याआधी येते; त्या वेळी हाताला काहीतरी काम द्या, मुरुमावर लहान पॅच लावा.

“अगं, चेहऱ्याला काय झालं?” या प्रश्नाचं उत्तर आधीच पाठ करून ठेवा. “हो, उपचार चालू आहेत. तुम्ही कशा आहात, काकू?” एवढंच. सविस्तर खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही.

समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे 2 वर्षं ट्यूब लावून थकलेल्या माणसाला तरी पटायला हवं. बोलण्याने उपचार होतात, लागलंच तर गोळ्या मिळतात. नैराश्याच्या गोळ्यांनाही काही आठवडे द्यावे लागतात आणि त्याही अचानक बंद करायच्या नसतात. चेहऱ्यावर इतरांना जेमतेम दिसणारा दोष तुम्हाला भयंकर वाटत असेल, त्यात रोज तासन् तास जात असतील, तर महागड्या लेझरच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. या त्रासाचं मूळ त्वचेत नसतं.

आणि हेही ध्यानात ठेवा: चेहरा साफ झाला तरी मन लगेच साफ होईलच असं नाही. म्हणून तर दोन्ही उपचार बरोबर.

घरच्यांना हात जोडून

मूल घरी आल्यावर पहिलं वाक्य चेहऱ्याबद्दल नको. “पोट साफ होत नसेल”, “रात्री जागतोस म्हणून”, “लग्न झालं की जातील” ही वाक्यं घरातून हद्दपार करा. स्थळासाठी फोटो काढायचा म्हणून घाईघाईने पार्लरमध्ये नेऊ नका. हळद-चंदनाची वाटी पुढे करण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ घ्या, फीचे पैसे द्या आणि तीन महिने रोज “काही फरक?” असं विचारू नका. विचारायचंच तर विचारा, “झोप लागते का रे? जेवलास का? कशाचा त्रास होतोय?” मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मूल जेवायला खोलीत ताट नेऊ लागलं, फोटोतून गळू लागलं, मार्क घसरले, तर तो आळस समजू नका.

तातडीची वेळ आली तर

मरणाचे विचार येत असतील तर एकटे राहू नका. आत्ता, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. धोका अगदी जवळ आहे असं वाटलं तर 112 लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मैत्रीण किंवा भाऊ असं काही बोलला तर सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका.

त्या मुलीची पुढची तोंडी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. त्वचेचे उपचार सुरू होऊन दहा आठवडे आणि समुपदेशन सुरू होऊन दोन महिने झाले होते. सूज उतरली होती, हनुवटीवर दोन नवी मुरुमं होती आणि गालांवरचे डाग तसेच होते. स्कार्फ डिकीत ठेवून ती आली, समोर बसली आणि तिसऱ्या प्रश्नाला मला म्हणाली, “मॅडम, प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचाराल?” माझ्याकडे बघत. तिच्या यादीतल्या सहा गोष्टी तोवर झाल्या होत्या, पाच बाकी होत्या.

तुमचं पान आज रात्री लिहून काढा. आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला डॉक्टरांना वाचून दाखवायच्या चार ओळी.